मामांची ढोलकी आणि संगणकाची कात्री

फेब्रुवारी संपत आला की आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके निघतात आणि त्याच सुमाराला कुठल्या तरी घराच्या माळ्यावरून ढोलकीही खाली येते. पुडी आवळली जाते, पेटीचा भाता झटकला जातो, बेंजोच्या तारा बदलल्या जातात. गेल्या काही वर्षांत या तयारीत एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. आपली मुले आता घरच्या संगणकावर गाणी रेकॉर्ड करू लागली आहेत. स्टुडिओच्या तासाच्या भाड्याची चिंता नाही, कंपनीवाल्याच्या दारात उभे राहणे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत गादी दाराला टेकवायची, कूलर बंद करायचा आणि गायचे. वाचक बंधू-भगिनींनो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! परंतु या गोष्टीबरोबर एक कात्रीही आपल्या मुलांच्या हातात आली आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले, ते आमच्या वस्तीतल्या मामांच्या ढोलकीमुळे.

मामा सगळ्या वस्तीचेच मामा. दिवसभर मोंढ्यात पोती वाहायची आणि रात्री गायन पार्टीत ढोलकीवर बसायचे, असे त्यांनी तीस वर्षे केले. छत्रपती संभाजीनगरला आम्ही औरंगाबाद म्हणत होतो त्या काळातली ही गोष्ट. भडकल गेटची जयंती असो, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोरचा कार्यक्रम असो, नाही तर एखाद्या खेड्यातला सामना असो, गाणारे बदलले, कवी बदलले, पण ढोलकीवर मामाच. त्यांच्या नावाची एकही कॅसेट मात्र नाही. कॅसेटच्या खोक्यावर गायकाचे नाव असायचे, कवीचे असायचे, कंपनीचे तर असायचेच. ढोलकीवाल्याचे नाव लिहायला जागा कुठून उरणार?

तीनेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मामांच्या नातवाने त्यांच्याकडून सहा गाण्यांची ढोलकी घरी वाजवून घेतली. नातू वाळूजला कंपनीत कंत्राटी कामाला आहे. शिफ्ट सुटली की हेच त्याचे वेड. मामा तेव्हा थकले होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्या सहा फायली नातवाच्या संगणकात तशाच पडून राहिल्या. गेल्या डिसेंबरात त्याने त्या उघडल्या आणि मला बोलावले. मी कचेरीतला कारकून, शिक्षण बी.कॉम., ढोलकीतले मला काय कळणार? परंतु वस्तीतल्या जुन्या कॅसेटी संगणकात उतरवून ठेवण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे, म्हणून ऑडासिटी नावाचा प्रोग्रॅम मला हाताळता येतो. हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली आणि २००० साली तो सर्वांसाठी खुला झाला.

खातेवहीतले रकाने

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ग्रामोफोनच्या काळात सगळे वादक एकाच कर्ण्यासमोर बसत. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले तेव्हा तबकडीत तीनेक मिनिटांपुरतीच जागा होती. मोठ्या आवाजाचे वाद्य मागे, लहान आवाजाचे पुढे, असे माणसे हलवूनच आवाज जुळवायचा. कोणी चुकला तर सगळ्यांनी पहिल्यापासून. पुढे फीत आली आणि एकाच फितीवर शेजारी शेजारी वेगवेगळ्या पट्ट्या घेता येऊ लागल्या. अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवाल्याने १९५७ मध्ये आठ पट्ट्यांचे यंत्र घेतले. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्या घेणारे यंत्र काढले, आणि तेव्हापासून घरच्या घरी असे रेकॉर्डिंग करणे सामान्य कलावंताच्या आवाक्यात येऊ लागले. आपल्याकडे मात्र त्या वेळी टू-इन-वन होता. स्टेजसमोर तो ठेवायचा, लाल बटण दाबायचे, आणि गाण्याबरोबर लहान पोराचे रडणे व चहावाल्याची हाकही फितीवर जायची. त्या कॅसेटी माझ्यापाशी आहेत. त्या रडण्यासकट मला त्या प्रिय आहेत, ही गोष्ट वेगळी.

आता संगणकात पट्ट्यांना ट्रॅक म्हणतात. माझ्यासारख्या हिशेबनिसाला ते खातेवहीतल्या रकान्यांसारखे दिसतात. पहिल्या रकान्यात ढोलकी, दुसऱ्यात पेटी, तिसऱ्यात बेंजो, चौथ्यात गायक, पाचव्यात कोरस आणि टाळ्या. प्रत्येकाचा आवाज वेगळा लहानमोठा करता येतो, एक बंद करून बाकीचे ऐकता येतात. प्रत्येक सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापे घेतली जातात. एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ५.३ एमबी जागा लागते. सहा मिनिटांचे गाणे आणि सहा ट्रॅक म्हटले तर १९० एमबी. आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने हे काहीच नाही, म्हणून एमपीथ्री करून जागा वाचवण्याचा मोह मूळ रेकॉर्डिंगच्या बाबतीत करू नये. मूळ नेहमी वेव्ह फाइलमध्येच ठेवावे. एमपीथ्री हा गाळलेला आवाज आहे, गाळलेले पुन्हा घालता येत नाही.

हिशेबात आणखी एक नियम असतो. वहीत खाडाखोड करायची नसते. चूक झाली तर दुरुस्तीची वेगळी नोंद टाकायची, मूळ नोंद दिसली पाहिजे. हाच नियम इथे पाळावा. नातू रीपर नावाचा प्रोग्रॅम वापरतो. तो साठ दिवस विनामूल्य वापरून पाहता येतो, पुढे घरगुती वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो. त्यात कापाकापी केली तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते, कापल्याची फक्त खूण ठेवली जाते. ऑडासिटीतही मूळ सुरक्षित राहते, पण माणूस शहाणा पाहिजे. मी काय केले ते सांगतो. एका गाण्यातली घरघर काढली आणि बाहेर काढलेल्या फाइलला मूळ फाइलचेच नाव दिले. संगणकाने विचारले, जुनी पुसू का? मी कचेरीच्या सवयीने होय म्हणून मोकळा झालो! मामांची ढोलकी, आणि मी ती पुसली. नातू काही बोलला नाही, पण मला त्या रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या मोबाइलच्या कार्डवर एक प्रत सापडली. तेव्हापासून मूळ फायली आम्ही तीन ठिकाणी ठेवतो. त्यातली एक प्रत दुसऱ्या घरात असते.

उशीर कोणाचा?

कामाला सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण दिसली ती उशिराची. मामांनी हेडफोनमध्ये पेटी ऐकत ढोलकी वाजवली होती. पेटीचा आवाज संगणकातून बाहेर येऊन कानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, ढोलकीचा आवाज माइकमधून आत जायलाही वेळ लागतो. त्यामुळे सगळी ढोलकी पेटीच्या मागे पडलेली दिसत होती. अनेकांना इथेच वाटते की वादक कच्चा आहे. वादक कच्चा नाही, यंत्र उशिरा लिहिते! ऑडासिटीत यासाठी एक आकडा आधीच भरलेला असतो, उणे १३० मिलिसेकंद. म्हणजे नवा ट्रॅक तेवढा मागे ओढून ठेवला जातो. परंतु प्रत्येक संगणकाचा उशीर निराळा. खात्री करायची असेल तर एका ट्रॅकवर टकटक वाजवा, हेडफोन माइकला लावा आणि तीच टकटक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्हींमधले अंतर मोजले की आपल्या यंत्राचा आकडा मिळतो. नातवाचे यंत्र तेच होते, म्हणून आम्हाला तो नंतरही काढता आला. सगळा ट्रॅक एकसंध पुढे सरकवला आणि ढोलकी पेटीवर येऊन बसली.

दोन मोबाइलवर वेगवेगळे रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. सुरुवातीला आणि शेवटी एकेक जोराची टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळे अगदी सारखी चालत नाहीत, सुरुवात जुळवली तरी गाणे संपेपर्यंत ती हळूहळू सरकतात. दोन टाळ्या असल्या की किती सरकली ते कळते. शिवाय मोबाइलमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता आली तर करावी. ती बोलण्यासाठी बनवलेली असते. पेटीचा लांबवलेला सूर तिला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकते.

मग आली जाळी. गाण्याची लय संगणकाला सांगितली की पडद्यावर उभ्या रेघा येतात, प्रत्येक मात्रेला एक. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर दोन रेघांमध्ये ६०० मिलिसेकंदांचे अंतर. प्रोग्रॅमला सांगता येते की ढोलकीची प्रत्येक थाप ओळख, तिथे काप, आणि जवळच्या रेघेवर नेऊन बसव. नातवाने पहिल्या गाण्याला हेच केले. एका बटणासरशी सगळ्या थापा रांगेत उभ्या राहिल्या, शाळेच्या कवायतीसारख्या. त्याने अभिमानाने मला ऐकवले. चूक एकही नव्हती. आणि त्यात मामाही नव्हते.

असे का झाले, हे समजून घ्यायला आम्हाला चार रात्री लागल्या. मूळ ट्रॅक मोठा करून पाहिला. समेची थाप मामा रेघेच्या किंचित आधी टाकत, पंधरा-वीस मिलिसेकंद. कडवे संपून ध्रुपद उचलताना तोड्यातल्या शेवटच्या दोन थापा किंचित मागे ठेवत. एकदा नाही, प्रत्येक कडव्याला, सहाही गाण्यांत. आता पहा, आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्टेजवर साडेतीन मीटर लांब बसलेल्या कोरसवाल्याला ढोलकी दहा मिलिसेकंद उशिराच ऐकू येते. मोठ्या सामन्यांत कोरस मागे बसतो. मामा सम जराशी आधी टाकत ती यासाठी की आणखी कशासाठी, हे विचारायला आता ते नाहीत. पण तोड्यातला तो थांबा कशासाठी होता हे आम्हाला गायकाच्या ट्रॅकने सांगितले. गायक बरोबर तिथेच श्वास घेत होता. मामा त्याला श्वासापुरती जागा करून देत होते! यंत्राने ती जागा भरून टाकली आणि गाणाऱ्याची धाप ऐकू येऊ लागली.

आपल्या विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतले सातवे लेणे ज्यांनी पाहिले असेल त्यांना गाभाऱ्यातला तो शिल्पपट आठवेल. मध्ये नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेतलेल्या सहा जणी. सहाव्या-सातव्या शतकातले हे काम. त्या वादक स्त्रिया एकमेकींना खेटून बसल्या आहेत आणि नाचणारी मध्ये. पाहून वाजवणे, हीच संगीताची जुनी रीत आहे. हेडफोन लावून एकटे वाजवले तरी मामांच्या हातातून ती रीत गेली नव्हती.

काय कापावे, काय ठेवावे

मग सगळे तसेच ठेवायचे का? तसेही नाही. आंधळी भक्ती आपल्याला शिकवलेली नाही. मामांच्या हातून खऱ्या चुकाही झाल्या होत्या. दुसऱ्या गाण्यात एके ठिकाणी बोट घसरून शाईवरची थाप कडेवर पडली आहे. चौथ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर दम कमी पडल्याने लय ढिली होत गेली आहे. ते स्वतः असते तर म्हणाले असते, पुन्हा घे रे. आता पुन्हा घेता येणार नाही, म्हणून आम्ही एक रीत ठरवली. चुकलेल्या जागी मामांचाच त्याच गाण्यातला तोच तुकडा आधीच्या कडव्यातून आणून बसवायचा. बाहेरून विकत किंवा फुकट मिळणारा ढोलकीचा तयार तुकडा आणायचा नाही. तयार तुकड्यांनी कानाला काही वाईट वाटत नाही, पण एक लक्षात घ्या. एप्रिल हा ढोलकीवाल्याच्या कमाईचा महिना. प्रत्येक मंडळाने तयार तुकड्यावर गाणे काढले तर वस्तीतला पुढचा ढोलकीवाला तयार तरी का होईल?

तुकडा बसवताना कात्री कुठे लावायची याला महत्त्व आहे. थापेच्या नंतर कापू नये, थाप पडण्याच्या अगदी आधी कापावे. तिथे आधीच्या थापेचा नाद विरत आलेला असतो, आणि नव्या थापेचा आवाज सांधा झाकून टाकतो. लहर जिथे मधल्या रेघेला ओलांडते तिथेच काप घ्यावा, नाही तर टक् असा आवाज येतो. ऑडासिटीत झेड हे अक्षर दाबले की निवडलेल्या भागाच्या कडा आपोआप अशा जागी जातात. शिवाय दोन तुकडे पाच-दहा मिलिसेकंद एकमेकांवर चढवून एक मावळता, दुसरा उगवता करावा. पेटीचे मात्र वेगळे. तिचा सूर सलग असतो, झाकायला थाप नसते, म्हणून तिथे सांधा लांब ठेवावा लागतो. पेटीवाल्याने बोट उचलले असेल ती जागा शोधणे सर्वांत बरे.

चौथ्या गाण्याच्या ढिल्या लयीवर आमचा वाद झाला. नातू म्हणाला, ताणून सरळ करतो. संगणकात सूर न बदलता लय आवळता येते, पण जास्त आवळली की ढोलकीचा धुमारा फाटका वाटतो. मी म्हणालो, गायकाला मामांच्या लयीवर गाऊ दे. शेवटी गायकच बोलावला. तो वस्तीतलाच पोरगा, रिक्षा चालवतो. त्याने दोनदा ऐकले आणि मामांच्या मागे मागे शेवटचे कडवे सावकाश गायले. ते गाणे आता सहापैकी सर्वांत जड उतरले आहे. वाद मिटला.

खोलीतली ५० हर्ट्झची विजेची घरघर आम्ही काढली. ढोलकी सुरू होण्याआधीची दोन सेकंदांची शांतता निवडून यंत्राला दाखवायची आणि हा गोंगाट सगळीकडून थोडा कमी कर असे सांगायचे. थोडा, हे महत्त्वाचे. मी जुन्या कॅसेटींवर सुरुवातीला हा उपाय इतका केला की गाणारे पाण्याखालून गातात असे वाटू लागले. जुन्या कॅसेटींचा आणखी एक रोग सांगून टाकतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याची मोटर हळू चालली असेल तर आता आवाज चढा आणि घाईचा येतो. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर सुमारे अर्धा चढतो, म्हणजे पांढरी चारचे गाणे काळी तीनला पोहोचते. पेटी काढून ताडून पाहावे आणि वेग बदलावा, नुसता सूर बदलू नये. माझ्याकडच्या एका कॅसेटवर गायक वर्षानुवर्षे आम्हाला पातळ आवाजाचा वाटत होता. वेग उतरवला तेव्हा त्याचा खरा आवाज ऐकून त्याची मुलगीच चकित झाली.

नावे कोणाची?

सहापैकी चार गाणी वामनदादा कर्डकांची आहेत. दादा १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, ३ मे १९४३ ला त्यांनी पहिले गाणे रचले आणि १५ मे २००४ ला ते गेले. आपल्या कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो, म्हणजे दादांच्या गाण्यांचा २०६४ अखेरपर्यंत. दादा आपले, म्हणून गाणे आपोआप आपले, असे होत नाही. मंडळाच्या स्टेजवर गाणे निराळे आणि ध्वनिमुद्रण काढून सगळीकडे पसरवणे निराळे. आम्ही ती चार गाणी घरातच ठेवली आहेत, परवानगीचे पत्र लिहिले आहे. उरलेली दोन वस्तीतल्या कवीची आहेत, ती या एप्रिलमध्ये वाजतील. कायद्यात १९९४ पासून वाजवणाऱ्याचाही हक्क मानला आहे, ही गोष्ट आपल्या पोरांना सांगा. आणि हक्काचे राहू द्या, निदान नाव तरी लिहा. आम्ही फाइलच्या नावातच आधी ढोलकी वाजवणाऱ्याचे नाव टाकले, मग गायकाचे. गायक हसला, म्हणाला, उलटे झाले की हो. होऊ द्या म्हटले.

काम संपल्यावर मामींना ऐकवायला बोलावले. त्या दाराशीच बसल्या. पूर्ण गाणे झाले, मान हलवली, काही बोलल्या नाहीत. मग नातवाने बाकीचे सगळे ट्रॅक बंद करून नुसती ढोलकी लावली. ढोलकी सुरू होण्याआधी मामांचा खोकला आहे आणि मग नातवाला उद्देशून एक शब्द, "हां, चल." तो भाग आम्ही पक्क्या गाण्यातून कापला होता, या ट्रॅकवर तो राहिला होता. मामी म्हणाल्या, "हे का काढलं रं?"

नातवाने तिथल्या तिथे कात्रीची खूण मागे ओढली. खोकला आम्ही काढला, शब्द ठेवला. मामींनी पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितले, आणि ते झाल्यावर म्हणाल्या, "आता दुसरं लाव."